मदत हवी आहे : बहिणीला थायरॉईड, गोळी चालू आहे तरी फरक शून्य

चोपडेकर
लवकर सांगा कोणीतरी. बहीण सध्या माहेरीच आहे. थायरॉईड निघालं, गोळी सुरू केली, महिना होत आला, फरक शून्य. गॅससमोर उभी असते आणि दूध उतू गेलेलं तिला कळत नाही. हाक मारली की अंगावर येते, जरा वेळाने रडत बसते. अशी नव्हती ती. डॉक्टर म्हणतात धीर धरा. किती धरायचा? डोस वाढवून घ्यायचा की डॉक्टर बदलायचा, एवढंच सांगा. जळगाव-धुळ्याकडचं कोणी चांगलं असेल तर नाव द्या.

तापीकाठ
वय? टीएसएच (थायरॉईड मंद पडलं की रक्तात वाढणारा आकडा) किती? गोळी कितीची? हे माहीत नसताना डोसबद्दल कोण काय बोलणार?

चोपडेकर
२७. टीएसएच १८. गोळी ५० मायक्रोग्रॅमची.

केळीवाला_रावेर
भो, गोळ्यांच्या मागे लागू नका. रोज दोन केळी द्या. केळीत सेरोटोनिन असतं, मन प्रसन्न राहतं. आमच्या घरात कोणाला असला त्रास नाही.

अमळनेरची_ताई
केळी खुशाल द्या, पण दादा, त्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं आपण तयार करतो.
चोपडेकर, "माहेरीच आहे" म्हणजे बाळंतपणाला आलीय का?

चोपडेकर
हो. बाळ सहा महिन्यांचं आहे. त्याचा काय संबंध?

अमळनेरची_ताई
अहो, सगळा संबंध त्याचाच! सुरुवातीच्या महिन्यांत छातीत धडधड, घाम, झोप नाही, वजन भराभर उतरणं असं काही होतं का?

चोपडेकर
होतं. आई म्हणायची अंगावर पाजते म्हणून वाळली. आता उलट झालंय. अंग सुजल्यासारखं, उन्हातही गार वाटतं म्हणते.

अमळनेरची_ताई
माझ्या धाकट्या जावेचं हुबेहूब असंच झालं होतं. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती जरा नमतं घेते. बाळंतपणानंतर ती उसळून येते आणि काही जणींमध्ये थायरॉईडच्या ग्रंथीवरच हल्ला करते. ग्रंथीत साठलेलं हार्मोन एकदम रक्तात सांडतं, तेव्हा ती धडधड. साठा संपला की सुस्ती, विसरभोळेपणा, रडू. पुष्कळ जणींची ग्रंथी वर्षभरात सावरते, म्हणजे ही गोळी जन्माची असेलच असं नाही. पण आपल्या मनाने बंद करू नका. हेच झालंय का, ते डॉक्टरांनाच विचारा.

धुळे_जुने
हार्मोनबिर्मोन काही नसतं. पहिलटकरणीचं असंच असतं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, महिन्यात ठणठणीत. आमच्या आया कुठे रक्त तपासत होत्या?

अमळनेरची_ताई
तपासत नव्हत्या, म्हणून तर कितीतरी बायकांना "बाळंतपण बाधलं" म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवलं, काका. वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही गरोदरपणात वाढलेली हार्मोन्स काही दिवसांतच खाली कोसळतात. त्याने येणारं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. सहाव्या महिन्यात "असंच असतं" म्हणून सोडून द्यायचं नाही.

भुसावळ_नाईटड्युटी
माझा अनुभव सांगतो. रात्रपाळीत उजेडामुळे मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, दबतं, कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचं घड्याळ बिघडतं, माणूस घरी येऊन लेकरांवर खेकसतो. मी खोलीला जाड पडदे लावले, फरक पडला.

तापीकाठ
दादा, धागा बाळंतिणीचा आहे.

भुसावळ_नाईटड्युटी
मग बाळ तिला रात्री झोपू देतं का? रात्रीची एक पाळी भावाने घ्यावी की.

तापीकाठ
हे मात्र बरोबर.
चोपडेकर, मी मेडिकलवर बसतो म्हणून विचारतोय. गोळी कधी घेते, कशासोबत? कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील ना?

चोपडेकर
सकाळी चहा-बिस्किटानंतर तिन्ही एकदम देतो. विसरायला नको म्हणून एकाच डबीत ठेवल्यात.

तापीकाठ
इथेच अडलंय बहुतेक! कॅल्शियम आणि लोह या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात पुरती उतरू देत नाहीत. उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत द्या. चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोह चार तासांनंतर. शिवाय निम्मं औषध शरीरातून जायलाच आठवडा लागतो, त्यामुळे टीएसएचचा खरा आकडा सहा ते आठ आठवड्यांनीच कळतो. डोस आत्ता वाढवू नका. आतापर्यंत गोळी कशी घेतली ते डॉक्टरांना सांगा.

केळीवाला_रावेर
गोळीनंतर केळी कितीने द्यायची मग?

तापीकाठ
नाश्त्याला द्या.

अमळनेरची_ताई
चोपडेकर, एक राहिलं, आणि टाळू नका. बाळाबद्दल काय बोलते? जगण्यात अर्थ नाही असं काही?

चोपडेकर
तसं नाही. पण काल म्हणाली, "याला दुसरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं."

अमळनेरची_ताई
मग हे नुसत्या थायरॉईडवर सोडू नका. थायरॉईड आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य, दोन्ही सोबत असू शकतं. डॉक्टरांना तिचं हे वाक्य जसंच्या तसं सांगा आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. बाळाला पाजते हेही सांगा, औषध त्या हिशोबाने देतात. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो. तिला एकटं ठेवू नका.

चोपडेकर
उद्याच नेतो. डबी वेगळी केली. आईला सांगितलंय, आजपासून रात्री बाळ माझ्याकडे.