अंड्याचा ट्रे होलसेलमध्ये कुठं मिळंल? मदत हवी आहे
मंडळी, कोल्हापुरात अंडी जरा स्वस्तात कुठं मिळत्यात सांगा की. पोरगं तालमीत जातंय, तीस अंड्यांचा ट्रे बघता बघता संपतोय आणि गल्लीतला दुकानदार रोज नवाच आकडा सांगतोय, वर म्हणतोय थंडीत मागणी वाढती, अंड्याचा भाव जाहीर करणाऱ्या एनईसीसी समितीचाच रेट चढलाय. असंल खरं, पण तो रेट शेकड्याचा असतोय न्हवं, मग सुट्ट्या अंड्यावर ह्यानं किती लावायचं? तेल, तूरडाळीचं तर बोलायलाच नको. लक्ष्मीपुरीच्या बाजारात घरगुती गिऱ्हाईकाला दोन-तीन ट्रे होलसेलनं देतात का, का डायरेक्ट पोल्ट्रीवर गेलेलं परवडतंय? गावठी नकोत, खिशाला झेपत न्हाईत. आणि टू-व्हीलरवरनं आणताना फुटू नयेत म्हणून काय करताय तेबी सांगा.