लेआउट म्हणजे मांडणी, रचना की साचा?

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत कोहा (लायब्ररी चालवायचं सॉफ्टवेअर) आहे आणि तिथल्या मदतनिसांसाठी मी मराठीत छोटी माहितीपुस्तिका लिहितेय. पुस्तक शोधल्यावर जी यादी येते तिचा लेआउट कसा बदलायचा यावर एक प्रकरण आहे आणि तिथेच गाडी अडलीये. लेआउटला एकीकडे मांडणी लिहिलं, दुसरीकडे रचना, टेम्प्लेटला साचा, आणि आता सलग वाचलं तर तिन्ही एकच वाटतात. शिवाय सर्च रिझल्टला काय म्हणू? निकाल म्हटलं की परीक्षेचाच आठवतो. जाणकारांनी सांगा प्लीज.

*

ताई, तिन्ही शब्द ठेवा, फक्त प्रत्येकाला त्याचं त्याचं काम द्या.

आपण पाट मांडतो, डाव मांडतो, मुद्दा मांडतो, संसार मांडतो, म्हणजे जे हाताशी आहे ते नीट जागेवर लावायचं, आणि जुन्या स्वयंपाकघरात डबे-भांडी लावायच्या फळ्यांना मांडणीच म्हणतात, आज पितळी डबे वर ठेवले तर उद्या खाली ठेवता येतात, डबे तेच राहतात. लेआउट अगदी हाच. नाव ठळक अक्षरात वर, लेखक खाली, मुखपृष्ठाचं चित्र डावीकडे, हे सगळं मांडणी.

रचना मात्र आतली. वाक्यरचना, शरीररचना. कोहात ती मार्कची आहे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या ठरलेल्या पद्धतीची, तिच्यात प्रत्येक माहितीच्या जागेला आकडा असतो, 245 मध्ये शीर्षक, 100 मध्ये लेखक, 260 किंवा 264 मध्ये प्रकाशनाची माहिती. मार्क 21 वापरणाऱ्या सगळ्या लायब्ररींत हे आकडे तेच, म्हणून तर एकीकडची नोंद दुसरीकडे उचलून घेता येते. तुमची मदतनीस मांडणी बदलेल, रचनेला हात लावणार नाही. पुस्तिकेत हे दोन शब्द अदलाबदल झाले तर कोणीतरी खरोखरच 245 मधला मजकूर उडवेल, म्हणून एवढं ताणून सांगतोय.

आणि या दोन्हींच्या मधला तो साचा. कोहात ती एक्सएसएलटीची फाइल असते, नोंद तिच्यातून जाते आणि पानावर दिसेल अशी होऊन बाहेर पडते. यादीत शंभर पुस्तकं असली तरी साचा एकच. मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला साचाच म्हणतात त्यामुळे शब्द नवखा पण वाटणार नाही. 'साचेबद्ध' मध्ये जी नापसंती आहे ती नुसत्या 'साचा' मध्ये नाही, बिनधास्त वापरा.

वाक्य असं करता येईल: "मूळ साच्याला हात लावू नका, त्याची प्रत काढा, बदल प्रतीत करा, सिस्टिम प्रेफरन्समध्ये (कोहाच्या सेटिंगमध्ये) त्या प्रतीचा पत्ता द्या आणि मग मांडणी कशी दिसते ते बघा." मूळ फाइलच बदलली तर पुढच्या अपग्रेडला तुमचं काम पुसलं जातं, ही सूचना ठळक टाईपात द्या. नुसता रंग, अक्षराचा आकार किंवा एखादी ओळ लपवणं एवढंच असेल तर साच्यापर्यंत जायची गरजच नाही, ते ओपॅक युजर सीएसएस (वाचकांना दिसणाऱ्या शोधपानांचं रूप ठरवणारी सेटिंग) मधून होतं.

*

निकाल नकोच. निकाल लागतो तो खटल्याचा नाहीतर परीक्षेचा, काहीतरी ठरलं की लागतो. परिणाम तर त्याहून लांब, तो औषधाचा होतो, पावसाचा होतो. शोधल्यावर पुस्तकं सापडतात, बास, म्हणून 'सापडलेल्या नोंदी' म्हणा. पानावर "12 नोंदी सापडल्या" किंवा "या नावाचं काही सापडलं नाही" असं आलं तर समजावून सांगावं लागत नाही. शोधफलित वगैरे मलाही सुचलं होतं पण ते तोंडात बसत नाही.

*

सॉर्टला क्रमवारी लिहिणार असाल तर जरा थांबा. क्रमवारीत पहिला-दुसरा नंबर येण्याचा भाव आहे, संघांची क्रमवारी म्हणतो तसा. वर्षाप्रमाणे किंवा नावाप्रमाणे लावायचं असेल तर 'क्रम लावणे' पुरे. नावाप्रमाणे साठी तर आपल्याकडे अकारविल्हे हा किती छान शब्द आहे, कोशवाल्यांचा, तो वापरातून जातोय याचं खरंच वाईट वाटतं.

पण अकारविल्हे लिहिलं तर तसं लागतंय ना ते तपासा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला जो नंबर असतो त्यात, ळ चा नंबर ल आणि व च्या मधे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे नुसत्या नंबराप्रमाणे लावलं की 'काळ' आधी येतं आणि 'काव्य' नंतर, आणि कोशात बघायची सवय असलेला माणूस काव्य वर शोधत बसतो. मराठीचं कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम, असेल तर हे बरोबर लागतं.

*

खूप आभार सगळ्यांचे! आता असं लिहितेय: आत रचना, मधे साचा, दिसते ती मांडणी, आणि रिझल्ट सगळीकडे सापडलेल्या नोंदी. अकारविल्हे पण घेतेय. आता फील्डचं तेवढं सांगा, क्षेत्र लिहिलंय पण शेतजमिनीसारखं वाटतंय.

*

रकाना. फॉर्ममधला रकाना भरा म्हणतोच की आपण. "245 च्या रकान्यात शीर्षक."