नववी-दहावीच्या पोरांना गोष्टीतला 'आंतरिक संघर्ष' शिकवावा का?

मलप्रभा
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाला शिकवते. गेल्या आठवड्यात मीच लिहिलेली पानभर गोष्ट वर्गात दिली. पोरगा कन्नड भाषण स्पर्धेत पहिला येतोय, सर्टिफिकेट दप्तरात, घरी बाबा १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या (मराठी सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) फेरीसाठी फोनाफोनी करत बसलेत, आई विचारते काय झालं शाळेत, हा म्हणतो काय नाही, आणि रात्री उठून ते सर्टिफिकेट भूगोलाच्या वहीत ठेवतो, घडी न घालता. संपली गोष्ट. विचारलं संघर्ष कुठाय, तर जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं मराठी आणि कन्नडमध्ये! म्हणजे १९५६ पासूनचा वाद दिसला आणि पोरगा दिसलाच नाही. एकाच मुलीनं विचारलं, मॅडम लपवायचंच होतं तर घडी का नाही घातली?
म्हणून माझं मत, हे मुद्दाम शिकवायलाच पाहिजे. मी दोन प्रश्न विचारते. त्याला काय पाहिजे? आणि त्याच वेळी अजून काय पाहिजे, जे पहिल्याच्या आड येतंय? दोन्ही उत्तरं त्याच्याच पोटातली पाहिजेत. बाबा मारतील एवढीच भीती असेल तर भांडण बाहेरचं. बाबांचं मन मोडू नये असंही वाटतंय आणि त्यांनी पाठ थोपटावी असंही वाटतंय, तर ते आतलं.

निपाणीकर
मॅडम, मला पटलं नाही. एकदा का आंतरिक संघर्ष, बाह्य संघर्ष, संदेश असे खण पाडले की पोरं कुठलीही गोष्ट आली तरी 'नायकाच्या मनात आंतरिक संघर्ष चालू आहे' असं लिहून दोन मार्क घेऊन मोकळी होतात, मी तसले पेपर तपासलेत, गोष्ट न वाचता पण ते वाक्य लिहिता येतंय. आमच्या आजीनं चिऊकाऊची गोष्ट सांगताना असले प्रश्न कधी विचारले नाहीत तरी पोटात कालवायचंच की. वीस गोष्टी वाचायला द्या, आपोआप येतंय. आणि त्या मुलीला घडीचं कुणी शिकवलं होतं? तुम्हीच सांगा.

मलप्रभा
सर, तिच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे. बाकीच्यांच्या घरी शाळेच्या पुस्तकाशिवाय छापील कागद म्हणजे कॅलेंडर, त्यांचं काय? आपोआप येतंय ते कपाटवाल्या घरात. आणि शब्द मी सगळ्यात शेवटी सांगते, आधी नाही.
चिऊकाऊचंच घ्या. कावळा पावसात भिजत उभा आणि चिमणी म्हणते थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे. मी विचारलं, तिला खरंच काम आहे का दार उघडायचं नाही? तास संपला तरी पोरं भांडत होती. एक म्हणाला उघडायचंच नसतं तर गप बसली असती, उत्तर कशाला दिलं असतं. दुसरी म्हणाली दरवेळी नवीन काम काढतेय म्हणजे मन होत नाहीये. दोघांनी गोष्टीतलंच वाक्य पुराव्याला दिलं. आजीनं विचारलं नाही म्हणून आपण पण विचारायचं नाही का?

उचगावची_सून
मी शिक्षिका नाही, आई आहे. माझ्या मुलाच्या वर्गात 'तुमच्या मनातला असा संघर्ष लिहा' म्हणून सांगितलं, त्यानं खरं खरं लिहिलं, आणि शिक्षकांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तेव्हापासून निबंधात तो चार ओळींच्या वर जात नाही. गोष्टीतल्या पोराचं मन उघडा काय ते, आमच्या पोरांचं नको. पंधरा वर्षाच्या मुलाला ते झाकायचं असतंय.

मलप्रभा
ताई, हे चूकच झालं. मी तसं लिहायला लावत नाही आणि लावणारही नाही. पण गोष्टीतल्या पोराबद्दल बोलता आलं तर स्वतःचं न सांगता पण मन हलकं होतंय, हे मी वर्गात बघितलंय.

शहापूर_बेळगाव
शिकवावं या बाजूचा मी, पण एक घोळ सगळीकडं बघतोय. दुःख म्हणजे संघर्ष नव्हे. आमच्याकडं विणकरांची घरं. माग बंद पडला, कर्ज झालं, हे संकट. गिऱ्हाईक दारात उभं आहे, भाव चांगला सांगतंय, आणि हा माणूस विकायच्या मागाला तेल घालत बसलाय, हा संघर्ष. अर्जुन सोपा पडतो कारण तो कृष्णाला सगळं बोलून दाखवतो. न बोलणारं पात्र अवघड.
आणि मॅडम, राग मानू नका, बाबांनी पाठ थोपटावी असं त्या पोराला वाटतंय हे तुमच्या गोष्टीत कुठं आहे? ते तुम्हाला माहीत, कारण लिहिलंय तुम्ही. पोरांना कसं दिसणार?

मलप्रभा
बरोबर पकडलंत. मी पोरांवर चिडले होते, आता वाचलं तर खरंच नाहीये. एक ओळ घालते, जेवताना बाबांच्या हाताकडं बघतो अशी काहीतरी.

निपाणीकर
शिकवण्याबद्दल माझं मत तेच आहे. पण ती ओळ घालू नका. तसं दाखवून दिलं की झालं, शोधायला काय उरलं? त्यापेक्षा विचारा, ते भूगोलाच्याच वहीत का ठेवलं, नकाशे असतात त्या.

मलप्रभा
ते मी ठरवून लिहिलं नव्हतं सर. सोमवारी विचारते.