पहिलीच क्रूझ, सोबत चार वर्षांची लेक आणि सव्वा वर्षाचा लेक: सल्ला हवा

पाऊलवाट:
आम्ही दोघांनीही आजवर क्रूझ केलेली नाही. सात रात्रींची एक सहल बघून ठेवली आहे, त्यातले दोन दिवस जहाज कुठेच थांबत नाही. पैसे अजून भरलेले नाहीत. धाकटा दुपारी दोन तास झोपतो आणि ती झोप मोडली की त्याची सगळी संध्याकाळ रडण्यात जाते. लेकीला वळणाच्या रस्त्यावर गाडी लागते, त्यामुळे बोटही लागेल अशी धास्ती आहे. केबिन कोणती घ्यावी? किड्स क्लबात दोघांना घेतात का? आणि आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्हाला तिथे गेल्यावर काय वाटलं?

खाऱ्यावाऱ्याची:
आधी जहाज ठरवा, बंदरं नंतर. मुलं एवढी लहान असताना सुट्टीचा बहुतेक वेळ जहाजावरच जातो.

किड्स क्लब बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांसाठी असतो, म्हणजे लेकीची सोय होईल. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर दोन वर्षांपासून घेतात, पण तुमचा धाकटा तिथेही बसत नाही. त्याच्यासाठी पाळणाघर असलेलं जहाज शोधा. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना सांभाळतात, रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवरही तशी सोय आहे. त्याचे पैसे तासावर, वेगळे. जागा मोजक्या असतात, म्हणून नोंदणी सुरू होताच नाव घाला. प्रवासासाठी किमान वय बहुतेक कंपन्यांचं सहा महिने आहे, महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींना बारा महिने. तुम्ही दोन्हीत बसता.

आम्हाला आधी कळायला हवी होती अशी गोष्ट पोहण्याच्या तलावाची. डायपर घालणाऱ्या मुलाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांना तिथल्या आरोग्य खात्याचे नियम पाळावे लागतात. पाणी एकदा खराब झालं की तलाव सगळ्यांसाठीच बंद होतो, त्यामुळे नियम मला पटतो. पण आमचा दीड वर्षाचा मुलगा रोज ताईला पाण्यात बघून काठावर रडायचा, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. काही जहाजांवर तान्ह्यांसाठी कारंज्यांचा वेगळा भाग असतो. तो आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. लेकीच्या बाबतीत, अनेक जहाजांच्या तलावावर जीवरक्षक नसतो. हाताच्या अंतरावर तुम्हीच राहायचं.

दोनतळी:
केबिनबद्दल माझं ठाम मत: आतली, बिनखिडकीची घ्या. दिवा मालवला की भर दुपारीही मिट्ट काळोख होतो. आमची मुलं घरी झोपत नाहीत इतकी तिथे झोपली. बाळाचा पाळणा मागितला तर बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेत नाहीत, पण नोंदणी करतानाच सांगून ठेवा. तो उघडला की पाय ठेवायला जागा उरत नाही, त्याची तयारी ठेवा. अशा केबिनमध्ये सहसा फक्त शॉवर असतो, टब नाही. बाळाला शॉवरची सवय आधीच लावा.

खाऱ्यावाऱ्याची:
इथे मी असहमत. बाळ झोपलं की दोन तास एका मोठ्या माणसाला केबिनमध्येच थांबावं लागतं. आतल्या केबिनमध्ये तो अंधारात बसून राहणार. बाल्कनी असली तर दार लोटून बाहेर बसता येतं, समुद्र बघता येतो. माझ्यासाठी सहलीतले सगळ्यात निवांत तास तेच होते. दाराला वर कडी असते, मुलं आत असताना ती लावलेलीच असू द्या आणि खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा. पैशाची ओढाताण होत असेल तर मात्र आतलीच घ्या, त्यासाठी दिवस कमी करू नका.

पाऊलवाट:
दोघींचे आभार. बाल्कनीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. बोट लागण्याचं काय?

दोनतळी:
जहाज मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर सगळ्यात कमी हलतं, म्हणून केबिन तिथली घ्या. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी स्थिरके असतात, त्यांनी डोलणं बरंच कमी होतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बोट क्वचित लागते, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत जास्त. म्हणजे लक्ष लेकीकडे हवं. मळमळायला लागलं की तिला मोकळ्या हवेत न्या आणि क्षितिजाकडे बघायला लावा. पुस्तक, मोबाईल बंद. औषध कोणतं आणि किती, हे निघण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा.

तापाचं, पोटाचं औषधही घरूनच न्या. जहाजावर दवाखाना असतो पण बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो, आणि तपासणीचे पैसे वेगळे लागतात. विमा घ्याल तो समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा असावा. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर नीट चालत नाही.

शिडाचीसावली:
मी पहिल्या दिवसाबद्दल सांगते, कारण आमचा तोच फार अवघड गेला. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या केबिनशी संध्याकाळपर्यंत येऊ शकतात. डायपर, दूध, औषधं, एकेक जोड कपडे आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मी सगळे डायपर मोठ्या बॅगेत भरले होते.

त्याच दिवशी सुरक्षेची कवायत असते. २०१२ साली कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाला अपघात झाला, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक आहे. आता बऱ्याच ठिकाणी चित्रफीत मोबाईलवर बघायची आणि संकटाच्या वेळी जमायच्या आपल्या जागी हजेरी लावायची असते. मुलांना त्या जागेचा क्रमांक असलेला मनगटी पट्टा देतात, तो शेवटपर्यंत काढू नका. बाळाच्या मापाचं जीवनरक्षक जाकीट केबिनमध्ये आहे का बघा, नसेल तर लगेच मागा.

बाबागाडी एका हाताने मिटणारी, अरुंद न्या. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. बाळ कडेवर घेऊन त्या बोटीत चढणं सोपं नाही, तिथे झोळीच कामाला येते. आणि स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात तर परतायला भरपूर वेळ हाताशी ठेवा. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा, मोबाईल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो.

पाऊलवाट:
आज कंपनीला फोन केला. बघून ठेवलेल्या जहाजावर पाळणाघर नाही आणि कारंज्यांचा भागही नाही, म्हणून ते सोडलं. दुसरं मिळालं, पाच रात्रींचं, दोन्ही सोयी असलेलं. मधल्या भागातली बाल्कनीची केबिन धरली आहे, पाळण्याची मागणी नोंदवली. रात्रीच्या जेवणाची पहिली पंगत घ्यावी की दुसरी?

शिडाचीसावली:
पहिली. दुसरी साधारण आठच्या पुढे सुरू होते, तोवर तुमचा धाकटा पेंगलेला असेल. वाढणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा की मुलांचं ताट आधी आणा, रोज आणतात.