नकाशा नको, दोरा घ्या

सिंगापूर–न्यूयॉर्क अंतर सपाट नकाशावर पट्टीने मोजायला गेलं तर जमत नाही. जमणारच नाही, पृथ्वी गोल आहे! काल रात्री लेकीचा ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घेतला आणि गजऱ्याचा दोरा दोन्ही शहरांवर ताणून धरला. पठ्ठ्या पॅसिफिकवरून नाही, थेट उत्तर ध्रुवाला खेटून गेला. भरला ३६ सेंमी. गोलाचा परीघ ९४, पृथ्वीचा ४०,००० किमी, म्हणजे सेंटिमीटरला साधारण ४२५. गुणाकार १५,३००, खरं अंतर १५,३४९!

विमान मात्र वाऱ्याचा रोख बघून लांबची वाट धरतं, त्यामुळे प्रत्यक्षात किलोमीटर जास्त पडतात. पुण्यात लोहगाव विमानतळावरून स्वारगेटला नेणारा रिक्षावाला फिरवतो तसं नाही हं, इथे त्यात इंधन वाचतं.