दुरुस्त केलेल्या जुन्या कोकणी घरात राहायला जाण्यापूर्वी काय विचारावे?

प्रश्न (पुण्याहून)

फेब्रुवारीच्या अखेरीस दापोली तालुक्यात, आंजर्ले आणि केळशी या भागात चार दिवस राहण्याचा आमचा विचार आहे. समुद्राजवळच्या वाडीतील एक जुने कौलारू घर मालकांनी दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खुले केले आहे, ते आम्ही पाहून ठेवले आहे. छायाचित्रांत जांभ्याच्या भिंती, लाकडी खांबांची पडवी आणि माजघरातला झोपाळा दिसतो. आम्ही दोघे, सहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे असे पाच जण आहोत. सासूबाईंचे लहानपण गुहागरजवळच्या अशाच घरात गेले. ते घर आता उभे राहिलेले नाही, म्हणून त्यांना पुन्हा एकदा पडवीत निवांत बसता यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. शिवाय काही वर्षांपूर्वी अशीच छायाचित्रे पाहून आम्ही एके ठिकाणी गेलो होतो, तेव्हा वर कौले असली तरी आत बंदिस्त खोल्या होत्या, भिंतींना कुबट वास येत होता आणि दोन रात्रींतच सासऱ्यांचा खोकला बळावला. या वेळी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मालकांना नेमके काय विचारावे?

पहिले उत्तर (गुहागर तालुक्यातील घरमालक)

आमचे वडिलोपार्जित घर आम्ही भावंडांनी दुरुस्त करून घेतले आणि आता तेथे पाहुणे उतरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुम्हाला आलेला कुबट वास हा जुन्या घराचा दोष नसून बहुधा चुकीच्या दुरुस्तीचा दोष असावा. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. पावसाळ्यात तो पाणी शोषतो आणि उघडीप मिळाली की सोडतो. जुन्या लोकांनी त्यावर चुन्याचा गिलावा केला, कारण चुन्यातून ही ओल बाहेर पडू शकते. सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग चढवला की ओलीची वाट बंद होते आणि ती भिंतीतच कोंडून राहते.

ही चूक आम्हीही केली. समुद्राकडच्या भिंतीला आम्ही घाईने सिमेंटचा गिलावा करून घेतला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले आणि त्यांच्यामागे क्षारांची पांढरी भुकटी साचलेली दिसली. गवंड्याने छिन्नीने गिलाव्याचा एक तुकडा काढला, तेव्हा एप्रिल महिना असूनही आतला चिरा हाताला गार आणि ओलसर लागला. अखेर तो सगळा गिलावा खरवडून काढला, भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवली आणि मग चुना, वाळू, गूळ आणि हिरड्याचे पाणी वापरून नव्याने गिलावा केला. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागले, परंतु त्या खोलीत आज वास येत नाही. म्हणून मालकांना पहिला प्रश्न हाच विचारा की भिंतींना गिलावा कशाचा आहे. ज्यांनी मन लावून दुरुस्ती केली आहे, ते या प्रश्नाचे उत्तर आनंदाने आणि लांबलचक देतात.

दुसरा प्रश्न छपराचा. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, त्यामुळे उंच छपराच्या माजघरात दुपारीही बसवते. पण पावसाळ्याआधी दर वर्षी घर शाकारावे लागते, फुटकी कौले बदलावी लागतात, आणि माकडांच्या उड्यांनी कौले फुटण्याचा त्रास आता इतका वाढला आहे की अनेकांनी नाइलाजाने पत्रे घातले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात आणि दापोली, मंडणगड तालुक्यांत असंख्य घरांची छपरे उडवली, त्यानंतर तर पत्र्याचे प्रमाण आणखी वाढले. याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही. मात्र तुम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस जाणार आहात आणि तेव्हा दुपारचे ऊन चांगलेच तापते, म्हणून झोपण्याच्या खोलीवर कौले आहेत की पत्रा, आणि पत्रा असल्यास खाली लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे आतले छत, आहे का, हे विचारून घ्या. आमच्या माजघरात मध्यभागी एक काचेचे कौल आहे. सकाळी त्यातून आलेला उन्हाचा चौकोन देवघराच्या भिंतीवर पडतो आणि जेवणवेळेपर्यंत जमिनीवरून सरकत पानांपाशी येतो. लहान मुले त्याच्यामागे तासभर रमतात.

दुसरे उत्तर (ठाण्याहून)

माझ्या आईलाही गुडघ्यांचा त्रास आहे आणि अशा दोन घरांत तिला घेऊन मी राहिलो आहे, त्यावरून सांगतो. जुन्या घरांत ओटी, पडवी आणि माजघर यांच्या पातळ्या वेगवेगळ्या असतात, उंबरठे उंच असतात आणि दारांच्या चौकटी बुटक्या असतात. छायाचित्रांत यातले काहीच लक्षात येत नाही. पूर्वी न्हाणीघर आणि शौचालय परसदारी असे. दुरुस्तीत ते कोठे आणले आहे, बैठक कमोडची आहे का, आणि रात्री तेथपर्यंत जाताना किती पायऱ्या उतराव्या लागतात, हे मालकांना चलचित्र पाठवायला सांगून पाहा. माळ्यावरची खोली कितीही देखणी असली तरी जिना उभा असतो, ती तुम्ही तरुणांनी घ्यावी.

तिसरे उत्तर (केळशी परिसरातून)

ताई, मी याच भागातली आहे आणि पाहुण्यांसाठी स्वयंपाक करते, म्हणून घराच्या भिंतींपलीकडचे थोडे सांगते. समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होत जाते, तेव्हा पिण्याचे पाणी कोठून येते ते विचारावे. वीज अधूनमधून जाते. इन्व्हर्टरवर पंखे चालतात की फक्त दिवे, हेही विचारून ठेवावे. मासे हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे लागते, आणि काही घरांत केवळ शाकाहारीच जेवण असते, ते आधी समजून घ्यावे. सासूबाईंसाठी कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी किंवा घावणे मागून घ्या. बहुतेक घरांत यादीत नसलेले हे पदार्थ आम्ही आवडीने करून देतो.

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. संध्याकाळनंतर वाडीत फिरताना पायांत बूट आणि हातात विजेरी असावी, कारण पाचोळ्यात आणि चिऱ्यांच्या गडग्यांत फुरसे हा विषारी साप दडलेला असतो. बाहेर ठेवलेले बूटही झटकूनच घालावेत. दुसरे म्हणजे भरतीची वेळ. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात: अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सव्वाअकरा, ही अंदाजे पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर पाणी ओसरू लागते आणि आत ओढते, म्हणून गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय मुलाला पाण्यात उतरवू नका.

त्या दिवसांत जवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले सोडण्यास सुरुवात झालेली असते. पिल्ले निघतीलच असे नसते, पण पहाटे उठून जाण्याची तयारी असेल तर अवश्य जा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल मालकांशी दूरध्वनीवर बोलले. गिलाव्याचा प्रश्न विचारताच त्यांनी चुना किती दिवस भिजवला होता इथपासून सांगायला सुरुवात केली. समुद्राकडच्या एका खोलीवर मात्र पत्रा आहे, हे त्यांनी आपण होऊन सांगितले, म्हणून आम्ही माजघरालगतची खोली सासू-सासऱ्यांसाठी मागितली. न्हाणीघर पडवीच्या टोकाला आहे आणि तेथे दोन पायऱ्या उतराव्या लागतात. त्यांना कठडा नव्हता. आम्ही जाण्यापूर्वी ते सुताराकडून लाकडी कठडा बसवून घेणार आहेत. सासूबाईंना हे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की पडवीची जमीन सारवलेली आहे की फरशीची. ते विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते. आज पुन्हा बोलले: पडवीत फरशी आहे, पण मागचे अंगण अजून शेणाने सारवतात. आगाऊ रक्कम संध्याकाळी भरली.