आवडतं ते आवडतं, कारण कशाला द्यायचं? (बडोदेकरांसाठी, बाकीचेही या)

वाडीतला_वाघ:
मंडळी, आज कामाचं काही नाही. आपापल्या आवडी सांगायच्या, बडोद्यातल्या, खाण्याच्या, फिरण्याच्या, सणावाराच्या, काहीही चालेल. अट एकच, कारण द्यायचं नाही. आपल्याकडे होतं काय, कुणी म्हटलं मला लीलो चेवडो आवडतो की समोरचा लगेच "का बरं?" करतो, मग तो बिचारा काहीतरी जुळवतो, आमचे आजोबा आणायचे, त्याला एक वेगळीच चव असते वगैरे वगैरे. अरे, तुला गोडसर ओलसर बटाटा आवडतो, संपलं की! कारण जोडलं की त्या आवडीची जाहिरात होते असं माझं ठाम मत आहे.

तर माझं घ्या. सेव-उसळ, तीही रात्रीची. कमाटीबागेत सगळे फुलांच्या घड्याळासमोर फोटो काढतात, मला म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा. सणांत उत्तरायण, म्हणजे आपली पतंगांची संक्रांत, आणि त्यातही १४ जानेवारी नाही, १५, वासी उत्तरायण. पावसात जुन्या शहरातली मांडवी. आता तुम्ही बोला, कारण दिलंत तर कॉमेंट बाद.

खिडकीजवळची_सीट:
करा बाद. हे म्हणजे वर्गात हजेरी घेतल्यासारखं झालं, सेव-उसळ हजर, देवमासा हजर, बसा खाली. तुम्हाला वासी उत्तरायण आवडतं हे वाचून मला काय कळलं सांगा? काही नाही. पण तुम्ही असं सांगितलं असतं की १४ ला गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते, सगळे चुलत-मावस येऊन बसलेले, खाली तिळगूळ द्यायला आलेले बेल वाजवतायत आणि आई ओरडतेय की कुणीतरी खाली जा रे, आणि कुणीच जात नाही कारण पेच लागलाय, आणि १५ ला मात्र गच्ची आपली, आदल्या दिवशीचा उंधियो गरम करून घ्यायचा, बोटांना पट्ट्या, अर्धी उरलेली फिरकी, वारा असला तर असला... तर मी पण तुमच्या गच्चीवर आले असते ना. मला स्वतःला १४ च आवडते, त्या गर्दीसाठीच.

आणि माझं एक घ्या, कारणासकट. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावून १९१० मध्ये काढलेली. पण मला त्यासाठी नाही आवडत. तिथे पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची आहे, जाड धुरकट काच, उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. वर कुणी चाललं की डोक्यावरून एक अंधुक सावली सरकते. लहानपणी मी पुस्तक बाजूला ठेवून ते बघत बसायचे. हे सांगायचंच नाही म्हणता?

तरीबाज:
वाघभाई मी तुमच्या बाजूने. सेव-उसळीवर कुणी कारणं द्यायला लागला की दुसऱ्या वाक्यात मिसळ काढतो, हा माझा नियमित अनुभव. आवडते, विषय बंद. फक्त एक सांगतो, हे कारण नाही, पद्धत आहे. सेव एकदम ओतायची नाही. आधी नुसती उसळ एक-दोन चमचे, वाटाणा नीट शिजलाय का ते कळतं, मग लिंबू, पातीचा कांदा, मग सेव थोडी थोडी, दर दोन घासांना, म्हणजे अर्धी मऊ आणि अर्धी कुरकुरीत राहते. तरी वेगळी मागायची, वरून घालून आणली की ताबा आपल्या हातात राहत नाही. पावाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, तो तळाला उरलेल्या रश्श्यासाठी. काही लोक सेव सगळी एकदम टाकून कालवतात आणि पिठलं करून खातात, त्यांच्याशी माझं बोलणं नाही.

खिडकीजवळची_सीट:
@तरीबाज "अर्धी मऊ आणि अर्धी कुरकुरीत राहते" याला काय म्हणतात दादा? कारणच की!

तरीबाज:
पद्धत.

पुण्याहून_आलेली_सून:
मिसळ मीच काढणार होते, बरं झालं आधीच काढलीत. मला सेव-उसळ नाही आवडत. लग्न होऊन आल्यापासून घरी सगळे विचारतात, आता तरी आवडायला लागली का? नाही लागली. मला मोडाची मटकी हवी, फरसाण हवं, वाटाणा माझ्या डोक्यात रगडा-पॅटिससाठी आहे. आणि मी कारण देणारच, कारण इथे नावड नुसती सांगितली तर लोक वाईट वाटून घेतात, सासूबाईंना तर वाटतं मी शहरालाच नावं ठेवतेय. आवडीला कारण नसलं तरी चालत असेल काका, नावडीला लागतं.

आवडतं ते पण सांगते. बडोद्याचा गरबा. मी लहानपणापासून भोंडला केलेला, पाटावर हत्ती काढून भोवती फेर, सोळा खिरापती ओळखायच्या. इथे पहिल्यांदा मैदानावर गेले तर हजारो माणसं एका मोठ्या गोलात, मधे गाणारे वाजवणारे, आणि सगळ्यांची टाळी एकदम. आमच्या हत्तीभोवती आठ-दहा जणी असायच्या, तरी कुणाची ना कुणाची टाळी चुकायचीच. इथे एवढी माणसं आणि चुकत नाही! ते बघत मी कडेला उभीच राहिले होते, नणंदेने ओढून आत घेतलं.

वाडीतला_वाघ:
@पुण्याहून_आलेली_सून वहिनी नावडीचा मुद्दा मान्य, नावडीला कारण द्या, ती तक्रार आहे, तक्रारीला पुरावा लागतोच. आवड ही तक्रार नाही. आणि गरब्याचं तुम्ही जे लिहिलंत ते मी कारण धरत नाही, ते वर्णन आहे. वर्णनाला परवानगी आहे.

खिडकीजवळची_सीट:
आता पद्धत चालते, वर्णन चालतं, फक्त "कारण" हा शब्द नको. छान चाललंय.

आबा_सुभानपुरा:
मुलांनो, मी म्हातारा माणूस, मला टाइप करायला वेळ लागतो, मध्ये बोलू नका. माझी सर्वांत आवडती इनिंग मी बघितलेलीच नाही. १९४६-४७ ची रणजी फायनल, बडोद्यातच, बडोदा विरुद्ध होळकर. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटला ५७७ ची भागीदारी. जगात कुठल्याही विकेटसाठी तेवढी मोठी भागीदारी पुढे २००६ पर्यंत झाली नाही, तेव्हा संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केले, पण ते तिसऱ्या विकेटला. आपण तो सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकलो. आमचे वडील हे सांगायचे आणि ५७७ म्हणताना थांबायचे, पन्नास नव्हे, पाचशे... सत्त्याहत्तर, असं. मला त्यातला एक फटका माहीत नाही. तरी कुणी आवडती इनिंग विचारली की तोंडातून तीच येते. आता याला कारण काय देणार?

एक सांगायचं राहिलं, माझी सासुरवाडी इंदूरची.

वाडीतला_वाघ:
आबा 🙏 हाच माझा मुद्दा, बघितलेली नाही, फटका माहीत नाही, तरी आवडते. केस जिंकलो.

खिडकीजवळची_सीट:
वाघदादा शेवटची ओळ वाचलीत का? होळकरांच्या गावी जेवायला बसून सासऱ्यांना ४०९ धावा ऐकवायच्या, याहून मोठं कारण कुठलं असतं?

आबा_सुभानपुरा:
सासरे फार सज्जन होते. ते म्हणायचे जावईबापू, रणजी आम्हीही जिंकलीय, आणि ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायचे, म्हणजे माझं तोंड बंद.

मगरप्रेमी:
विश्वामित्री नदीतल्या मगरी. बास.

पुण्याहून_आलेली_सून:
@मगरप्रेमी ऑगस्ट २०२४ च्या पुरात रस्त्यावर आल्या होत्या तेव्हाही आवडत होत्या?

मगरप्रेमी:
हो. वरच्या मजल्यावरून.

रंगाचा_डबा:
दोन्ही बाजूंना थोडं थोडं पटत नाही म्हणून लिहितोय. मी फाइन आर्ट्सला शिकलो, तिथे आम्हाला सतत विचारायचे, हे चित्र का आवडलं, बोला. सुरुवातीला वैताग यायचा, मी वाघदादांसारखाच होतो. पण रावपुऱ्याकडचा तांबेकरवाडा घ्या. लहानपणी बाबांबरोबर गेलो होतो, बाहेरून जुनं लाकडी घर, आत गेलं तर भिंतभर चित्रं, कृष्ण, गोपी, लढाया, मधेच टोपी घातलेले गोरे लोक. आवडलं, का ते माहीत नव्हतं. पुढे कळलं की हे तांबेकर बडोद्याचे दिवाण, एकोणिसाव्या शतकातलं काम, मराठी घरातल्या भिंतीवर एकाच वेळी महाभारत आणि साहेब बसलेत. मग परत गेलो तर दुप्पट वेळ थांबलो. म्हणजे आवड आधी आली, कारण नंतर, पण कारणाने ती आटली नाही, वाढली. जाहिरात वगैरे काही झाली नाही.

पण उलटंही झालंय हे प्रामाणिकपणे सांगतो. कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकातली, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं, त्यांच्याबद्दल मी इतकं वाचलं, परीक्षेला इतकं लिहिलं, की आता समोर उभा राहिलो की डोक्यात उत्तरपत्रिकाच सुरू होते. ती मला आवडतात की मला त्यांच्याबद्दल माहिती आहे, हेच कळत नाही. एखादी नुसती आवडणारी गोष्ट मी आता मुद्दाम न वाचता ठेवतो. कुठली ते सांगणार नाही, तुमच्यातलं कुणीतरी लगेच लिंक टाकेल.

वाडीतला_वाघ:
@रंगाचा_डबा हे दुसरं जे लिहिलंस ना, तेच मला म्हणायचं होतं, मला नीट मांडता आलं नाही.

खिडकीजवळची_सीट:
आणि पहिलं जे लिहिलं ते मला म्हणायचं होतं.

तरीबाज:
हे सगळं ठीक आहे पण दसरा जवळ आलाय. फाफडा-जलेबी का श्रीखंड-पुरी? एकाच शब्दात.

पुण्याहून_आलेली_सून:
श्रीखंड. कारण दसरा आहे.

आबा_सुभानपुरा:
श्रीखंड. चक्का घरी बांधलेला. डब्यातलं धरत नाही.

मगरप्रेमी:
फाफडा. सोबतच्या कच्च्या पपईच्या संभाऱ्यासाठी.

खिडकीजवळची_सीट:
मगरप्रेमींनी पण कारण दिलं, नोंद घ्यावी. मी श्रीखंड.

मांजलपूरची_मावशी:
मी इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे श्रीखंड श्रीखंड लिहिताय, पण दसऱ्याला सकाळी फरसाणवाल्याकडे रांग असते ना, तिथे माझ्या पुढे-मागे दर वेळी निम्मे आपलेच मराठी असतात, एकमेकांना नमस्कार करतात आणि म्हणतात, "पाहुणे आलेत हो घरी." आबा, मागच्या दसऱ्याला तुम्ही माझ्या पुढे होतात. अर्धा किलो फाफडा आणि पाव किलो जलेबी.